बांधाच्या आतली काळुंदरं

१

भांगाच्या दिवसांत खाडीचं पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तेव्हा मी सकाळी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, खांद्यावर टाकून बांधावर जायचो. दहा काळुंदर मासळी बांधाच्या बाहेरून, म्हणजे खाडीतून काढायची आणि दहा आतून. बाहेरची निळ्या बादलीत, आतली लाल बादलीत. महिन्यातून दोनदा हे काम असे. गेल्या दिवाळीनंतर ते सुरू झालं.

काम वेदिकाचं होतं. मुलगी मूळची गुहागरची, रत्नागिरीत राहून माशांचा अभ्यास करते. आमच्या घरामागचा बांध चाळीस वर्षांपूर्वी घातला, शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून. शेती पुढे कोणी केली नाही. बांधाचं दार गंजून बसलं आणि आतल्या पाण्यात जे मासे अडकले ते अडकलेच. त्यांची पोरं, पोरांची पोरं, सगळी त्याच पाण्यात वाढली. एकाच जातीचे मासे आणि मध्ये चार हात रुंद भिंत. वेदिकाला तेच बघायचं होतं.

"आजोबा, बोटीवर जात नाही ना आता? मग मला मासे काढून द्याल?"

मी हो म्हटलं. बोट सोडून सहा वर्षं झाली होती. हाताला काही काम हवं होतं.

मासे आणले की मागच्या पडवीत बसून मी ते फाडायचो. वेदिका वाकून बघायची आणि वहीत लिहायची. माझी बायको यमुना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून आम्हां दोघांशी भांडायची.

"काल पडवी सारवली मी. आज तुमी हितं माशांचं हास्पिटल मांडलं?"

"आजी, मी जाताना धुऊन देते."

"तू काय धुतंस! दोन हाडं नि एक चष्मा. खातंस तरी काय गो? वही?"

वेदिका हसायची. मी माझा चहा बशीत ओतून प्यायचो, आवाज करून. बोटीवरची सवय ती. "म्हशीनं पाणी प्यावं तसं," यमुना म्हणायची. सेहेचाळीस वर्षं रोज सकाळी ती हे म्हणत आली. पहाटे मला खोकल्याची उबळ यायची, ती त्या खोकल्याशीही भांडायची. दूध उतू गेलं तर दुधाशी. शेजारचा बाबल्या आमच्या अंगणातून जवळची वाट काढायचा, त्याच्याशी तर रोजच.

मी कमी बोलतो. तिचं भांडण मला आवडायचं असं नाही. पण घराला छप्पर असतं तसं ते होतं. त्याच्याकडे कोणी मुद्दाम बघत नाही.

२

बाहेरचं काळुंदर फाडलं की आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असायचं. आतडं, काळीज, पोटाची कातडी, सगळ्यावर पांढरी जाळी. त्या जाळीत कुठेतरी किडा असायचा, चपटा, नाडीसारखा. पण मेलेला. जाळीनं त्याला गुंडाळून, आवळून मारलेला. अशा माशात अंड्यांची गाबोळी अगदी थोडी, चिमूटभर निघायची.

आतलं काळुंदर फाडलं की सुरी लोण्यात गेल्यासारखी जायची. जाळी नाही, गाठ नाही. दोन्ही बाजूंना भरगच्च पिवळी गाबोळी. आणि तिच्या शेजारी किडा. जिवंत. अंथरुणात कूस बदलावी तसा हळूच हलायचा.

पहिल्यांदा मी विचारलं, "हे कसं गो?"

वेदिकाने सुरीचं टोक जाळीवर ठेवलं. "बाहेरचे मासे किड्याशी भांडतात, आजोबा. किडा मरतो, पण भांडताना त्यांच्याच पोटाला आतून चट्टे पडतात. मग अंडी धरत नाहीत. आतल्यांनी भांडणं सोडून दिलंय."

"शिकले म्हणायचे."

"शिकलं कोणीच नाही. जे भांडले त्यांना पिल्लं कमी झाली. जे भांडले नाहीत त्यांना जास्त झाली. बाहेर भरतीबरोबर दुसरे मासे येत-जात राहतात, त्यामुळे भांडणारे टिकून आहेत. आत तेच ते पाणी. वीस-पंचवीस पिढ्या गेल्या. आता आत आहेत ते सगळे न भांडणाऱ्यांचे वंशज."

यमुना उंबऱ्यावर कांदा चिरत होती. तिची विळी थांबली.

"म्हंजे माज्यासारखं," ती म्हणाली.

वेदिकाला कळलं नाही. मला कळलं. आम्हांला एक मुलगी झाली होती. बारशाच्या आदल्या दिवशी गेली, म्हणून तिला नाव नाही. त्यानंतर दिवस राहिले नाहीत. मोठ्या डॉक्टरने तपासून सांगितलं होतं, आत सगळं चिकटलंय, बाई.

मुलगी गेली त्या दिवशी मी समुद्रावर होतो. पोर तापली आहे, आज जाऊ नका, असं यमुना म्हणाली होती. मी गेलो. त्यावर ती नंतर एक अक्षर बोलली नाही. बशीवरून बोलली, खोकल्यावरून बोलली, अंगणातल्या पायवाटेवरून बोलली. मला वाटतं ते सगळं एकच भांडण होतं.

त्या दिवशी वेदिका निघताना यमुनाने आतल्या माशांची गाबोळी ताटलीत काढून घेतली.

"आजी, ती खाऊ नका."

"किडं नाय घेतलं मी. गाबोळी टाकत्यात काय कोण?"

वेदिका जरा घुटमळली. "नीट शिजवून खाल्ली तर काही होत नाही खरं म्हणजे."

हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या मुलीचा यात काही दोष नाही. यमुनाने ती नीटच शिजवली होती.

३

माघ सरला. ऊन चढायला लागलं तसे आतले मासे काठाला यायला लागले.

काळुंदर भित्रं असतं. जोडीनं राहतं, अंड्यांची राखण नरमादी दोघं करतात, आणि माणसाची सावली पडली की चिखलात दडतं. ही दडत नव्हती. भर दुपारी बांधाच्या कडेला वीतभर पाण्यात तीसचाळीस मासे तरंगत असायचे, तोंडं वर करून. मी वाकून हात घातला तर एक मासा तळहातावर येऊन राहिला. हात वर काढला तेव्हाही धडपडला नाही.

आमच्या लोकांत एक रीत आहे. जाळ्यात आलेला मासा लहान असेल तर सोडावा. पण आपणहून हाताशी आलेला मासा परत सोडायचा नाही. तो पाठवलेला असतो. तो नाकारला तर पाण्याचा अपमान होतो. माझ्या बापाने मला हे सांगितलं, त्याला त्याच्या बापाने. मी तो मासा घरी नेला. दुसऱ्या दिवशी दोन आले. त्यानंतर पाग न्यायची गरजच उरली नाही.

दोन महिने आम्ही ते मासे खाल्ले. चव चांगली होती.

बांधावर एक राखी बगळा यायचा. तो एक मासा उचलायचा आणि बाकीचे हलायचेही नाहीत. उचललेल्याची जागा रिकामी झाली की मागचा एक पुढे सरकून तिथे थांबायचा, रेशनच्या रांगेत सरकावं तसा. ते मी बघत बसायचो. वाईट वाटायचं, पण नजर हलत नसे.

त्याच दिवसांत मला ते खुंट दिसले.

आमच्या बांधासमोर खाडीत डोल जाळी बांधायचे अकरा खुंट आहेत. कोणता कोणाचा हे मी डोळे मिटून सांगेन. त्या दिवशी ते तेरा होते. दोन नवे, पलीकडच्या अंगाला, जिथे डोल कोणी लावत नाही. एकमेकांपासून दहाबारा हातांवर. सरळ, बारीक, काळपट.

बाबल्या अंगणातून चालला होता. त्याला दाखवले.

"पुलाचं काम निगणाराय म्हणत्यात, दादूदा. सर्वेवाल्यांनी ठोकलं असतील."

मला ते पटलं. फक्त एक होतं. खाडीतल्या लाकडाला महिन्याभरात कालवांचे शिंपले धरतात. कोरा खुंट असला तर तो ताजा, पिवळट दिसतो. हे जुने दिसत होते आणि त्यांवर एकही कालव नव्हतं.

४

होळीनंतर एका सकाळी मी बशीत चहा ओतला आणि प्यायलो. पिऊन झाला. बशी खाली ठेवली. काहीतरी राहून गेलं असं वाटलं, म्हणून मी बशीकडे बघत राहिलो. मग लक्षात आलं. यमुना समोर बसली होती आणि काही बोलली नव्हती.

विसरली असेल, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी जरा मोठ्याने प्यायलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. छान हसली.

चौथ्या दिवशी बाबल्या पायवाटेवर थांबून ओरडला, "वयनी, आजारी हाव काय? चार दिस झालं, शिवी नाय मिळाली. माजं पोट साफ होत नाय हो!"

"जा रे बाबा, जा," यमुना म्हणाली. "वाट तुजीच हाय."

बाबल्याचं हसू तोंडावरच राहिलं. तो मागे वळला आणि रस्त्याने फिरून आपल्या घरी गेला. त्यानंतर तो आमच्या अंगणातून आलाच नाही.

मी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने विचारलं, काय त्रास होतोय? मला सांगता येईना. माझी बायको भांडत नाही, असं कसं सांगायचं? तिने रक्त दिलं, वजन केलं. डॉक्टर खूश झाला. तिची बोटं त्याने हातात घेऊन उलटसुलट बघितली.

पंधरा वर्षं तिची बोटं सुजलेली होती. अंगच अंगाशी भांडतं, त्यातून ही सूज येते, असं याच डॉक्टरने तेव्हा सांगितलं होतं. सकाळी तिला मूठ मिटता यायची नाही. आता सूज नव्हती. बांगड्या सरसर चढत होत्या, उतरत होत्या.

"काय औषध केलंत, आजी?"

"काय नाय. मासं खाल्लं," यमुना म्हणाली.

येताना एसटीत तिने माझा हात धरला. तिची बोटं लग्नात होती तशी मऊ लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी देवाचे आभार मानले, खोटं कशाला सांगू. बाईला पंधरा वर्षांनी आराम मिळाला होता, आणि मी म्हातारा तिच्या शिव्या शोधत होतो.

खुंट आता अलीकडे आले होते, दोघेही. बाबल्या रस्त्यावरूनच म्हणाला, "सर्वे बदलला असंल."

५

मग ती दुपारची बांधावर जाऊन बसायला लागली.

बारा वाजले की हातातलं काम ठेवून उठायची. भाकरी तव्यावर असली तरी तव्यावर. डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही. मासे जमायचे त्याच जागी बसून पाय पाण्यात सोडायची.

"काय करतेस गो हितं?"

"बरं वाटतं."

"ऊन लागंल."

"लागू दे."

मी शेजारी बसलो. पाण्यात तिच्या पायांभोवती काळुंदरं होती. सगळ्यांची तोंडं वर आणि एकाच दिशेला, खाडीकडे. यमुनाही तिकडेच बघत होती, तशीच हनुवटी उचलून. मी त्या दिशेला बघितलं. आभाळ होतं, पांढरं पडलेलं. काही नव्हतं.

पाण्यावरून सावली गेली. घार असेल म्हणून मी वर बघितलं. घार नव्हती. सावली मात्र अजून जातच होती. घारीची सावली पटकन जाते. ही जायला वेळ लागला.

पलीकडच्या झाडीत बगळे बसले होते, सातआठ. एकही उडाला नाही. सगळ्यांनी माना अंगात ओढून घेतल्या होत्या.

"चल घरी," मी म्हटलं.

"चला की," ती म्हणाली आणि उठली. ती नाही म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

६

मी वेदिकाला फोन केला. मासे मिळाले का, तिने विचारलं. मिळाले, पण तू ये, म्हटलं.

ती आली तेव्हा यमुना पाणी भरत होती. मी हळूच विचारलं, "तो किडा माशात कशाला बसतो?"

"मासा त्याचं शेवटचं घर नाही, आजोबा. त्याला बगळ्याच्या पोटात जायचं असतं. तिथेच तो अंडी घालतो. म्हणून मासा पुरेसा मोठा झाला की किडा त्याला काठाला आणतो. उन्हात, उथळ पाण्यात, जिथे बगळ्याला तो दिसेल. माशाची भीती जाते."

"माशाला ठाऊक असतं?"

"माशाला वाटत असेल, आपल्याला इथे बरं वाटतं म्हणून आपण आलो."

मी पाणी भरणाऱ्या यमुनाकडे बघितलं. वेदिकाला वाटलं मला समजलं नाही. तिने पिशवीतून मोबाइल काढला. गेल्या खेपेला तिने काठीला बांधून एक छोटा कॅमेरा पाण्यात सोडला होता. त्यातलं चित्र तिने मला दाखवलं. हिरवट पाणी, वर पाण्याचा चकाकता पत्रा, त्याखाली तरंगणारे मासे. आणि माशांच्या मध्ये उभ्या दोन काळपट काड्या.

"बगळा कुठाय?"

"हाच की. हे त्याचे पाय. माशाला खालून एवढंच दिसतं. वरचं अंग पत्र्याच्या पलीकडे."

मी त्या दोन काड्यांकडे बघत राहिलो. एक मासा त्यांना हुंगून पुढे गेला. मग चित्र हललं आणि तो मासा नव्हता. काड्या होत्या तिथेच होत्या.

"माणसात असा किडा..." मी म्हटलं.

वेदिका हसली. "माणसाला कोण खाणार, आजोबा? माणसाच्या वर कोणी नाही."

शहाणी मुलगी आहे. तिने सांगितलं ते मी धरून ठेवायला हवं होतं. पण मला वाटलं, पाण्याखाली एखादं शहाणं काळुंदर असेल, तर तेही दुसऱ्याला हेच सांगत असेल.

७

मासे आणणं मी बंद केलं. आणि बायकोशी भांडण काढायला लागलो. मला येत नाही ते, पण केलं.

ओलं जाळं तिच्या धुतलेल्या गोधडीवर टाकलं. तिने ते उचलून बाजूला ठेवलं. तिच्या हातच्या सारासारखं सार पंचक्रोशीत नाही, तरी मी म्हटलं, "आज पाणचट झालंय." ती म्हणाली, "झालं असंल." मी पडवीत पिंक टाकली. तिने पाणी ओतलं. मी रडकुंडीला आलो. सेहेचाळीस वर्षं जी एका फुरक्यावर पेटायची, तिला पेटवायला मला काडी सापडेना.

वैशाखातल्या एका दुपारी मी दोर वळत बसलो होतो. बारा कधी वाजले कळलं नाही. डोकं वर केलं तर घरात शांतता होती आणि चुलीवर भात करपत होता.

मी धावलो. पायवाट, माड, बांधाचा चढ. खाडी मला वरून दिसली. मी सवयीने खुंट मोजले. अकरा.

बाकीचे दोन बांधाच्या आत होते.

यमुना पाण्यात उतरली होती, कमरेइतक्या. तिच्या आणि त्या दोन खुंटांच्या मध्ये वीसएक हात पाणी असेल. जवळून ते लाकडाचे दिसत नव्हते. पाण्याजवळ त्यांवर खवल्यांसारख्या आडव्या चकत्या होत्या. एक खुंट पाण्यातून जरा वर आला, चिखल न ढवळता, आणि पुन्हा टेकला. पुढे. आवाज झाला नाही. माझ्यावर सावली होती, बांधावर होती, माडांवर होती. ऊन फक्त लांब दिसत होतं.

मी वर बघितलं नाही. धाडस म्हणा की भित्रेपणा. माशांची तोंडं वर होती, यमुनाचं वर होतं. मी तिच्या मानेच्या मणक्याकडे बघितलं. तो मला ओळखीचा होता.

हात धरून ओढली तर ती येईल हे मला माहीत होतं. "चला की," म्हणेल. आणि उद्या परत इथे येईल. म्हणून मी हात धरला नाही. चपला बांधावर टाकून मी पाण्यात उतरलो आणि तिच्या मागे उभं राहून ते बोललो, जे एवढ्या वर्षांत बोललो नव्हतो.

"पोरीला ताप नव्हताच त्या दिवशी. तू उगाच घाबरलीस. तूच अंगावर धरून धरून गुदमरवलंस तिला."

खोटं होतं. देवा, सगळं खोटं होतं.

काही झालं नाही. मासे तिच्या कमरेभोवती तरंगत होते. मग तिची हनुवटी खाली आली. ती वळली. तिचे डोळे माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागला, लांबून चालत आल्यासारखा.

"काय बोललाव?"

मी तेच परत बोललो.

तिने मला मारलं. उजव्या हाताने, मग डाव्या, मग दोन्ही. "तुमी गेलाव! तुमी बोट घेऊन गेलाव! मी पाय धरलं, पाय धरलं तुमचं, पोर माज्या मांडीवर निवली नि तुमी सुरमय घेऊन आलाव! सुरमय!" तिने बांधावरच्या माझ्या चपला उचलून मारल्या. बांध उतरताना, पायवाटेने, अंगणात, ती थांबली नाही. बाबल्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. "वयनी!" तो आनंदाने ओरडला, आणि पुढचे शब्द कानावर पडल्यावर मान खाली घालून आत गेला.

मागे कुठेतरी पाणी डुचमळलं. एकदाच.

८

त्या रात्री तिला ताप चढला. चौथ्या दिवशी बोटं सुजली, पूर्वीपेक्षा जास्त. गुडघेही धरले. आता तिला बांगडी काढता येत नाही, वाटी धरता येत नाही. रात्री कण्हते. मी तिच्या बोटांना शेक देतो आणि ती मला शिव्या देते, त्या दिवशीच्या. मी म्हणतो, हो. खरं आहे. मीच गेलो.

वेदिकाला मी मासे देणं थांबवलं. तब्येत बरी नाही सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, तुमचा खोकला गेला वाटतं."

तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. तीस वर्षांची पहाटेची उबळ. कधी गेली ते आठवेना. त्या दुपारी मी बांधाचा चढ धावत चढलो होतो आणि मला धापही लागली नव्हती.

मासे यमुनाने खाल्ले, तसे मीही खाल्ले. पण ती भांडणारी आहे. मी मुळातच नाही.

आता बारा वाजले की मला बरं वाटतं. दुसरा शब्द नाही त्याला. पायाखाली जमीन उबदार असते, उजेड चांगला असतो, आणि मी चालत असतो. पहिल्या दिवशी मी अर्ध्या वाटेवर होतो तेव्हा मागून हाक आली. "दादू! ए दादू!" लग्न झाल्यापासून यमुनाने माझं नाव घेतलं नव्हतं. मागच्या दाराला धरून, सुजलेल्या पायांवर उभी राहून ती माझं नाव ओरडत होती. ते ऐकायला इतकं गोड वाटलं की मी थांबलो. पण भीती वाटली नाही. वाटायला हवी होती, एवढं मला कळत होतं.

म्हणून आता ती मला बांधते. साडेअकरा वाजता, पडवीच्या मधल्या खांबाला, माझ्याच बोटीच्या दोराने. तिच्या साध्या गाठी मी दोनदा न बघता सोडवल्या. मग एका सकाळी, डोकं ठिकाणावर असताना, मी तिला आमची गाठ शिकवली. बांधलेल्याला ती सुटत नाही. फक्त शेवटी दोन्ही हातांनी जोर लावून आवळावी लागते.

ती रोज आवळते. ओठ दातांत धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "हलाल तर तंगडी मोडीन," म्हणते. मग समोर बसून राहते आणि एक वाजेपर्यंत माझ्याशी भांडते, घसा बसेपर्यंत. पडवीतून खाडी दिसते. मी अकरापर्यंत मोजतो आणि थांबतो.

तिची बोटं फार सुजली आहेत. गाठ पुरती बसत नाही. शेवटचा पीळ सैल राहतो, करंगळी जाईल एवढा. मला तो पाठीमागे हाताला लागतो.

मी तिला सांगत नाही.